बाहीवरचा बिल्ला काय सांगतो?
जुन्या पेटीतील लष्करी चिन्हे ओळखावीत कशी आणि त्यांचा काळ ठरवावा कसा

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी ज्या वस्तू बाहेर निघतात त्यांत तलवार-कट्यारीबरोबर कित्येक घरांत एखादी पदकांची डबीही असते. पदकांना हळदकुंकू मिळते, त्यांची कथा सांगितली जाते. मात्र त्याच डबीच्या तळाशी दोन-अडीच इंचांचा एक कापडाचा तुकडा पुष्कळदा दुर्लक्षित पडून असतो. त्याच्यावर कोंबडा असतो, काळे मांजर असते, इस्पिकचा एक्का असतो, नाहीतर नुसता तांबडा गोळा. मुलांना तो खेळातला वाटतो आणि मोठ्यांना त्याचा अर्थ लागत नाही. आवराआवरीच्या वेळी पहिल्यांदा टाकला जातो तो हाच.

तो टाकू नये. पदक सांगते की हा माणूस अमुक रणक्षेत्रावर होता. ब्रह्मदेशचा तारा मिळालेले लोक लाखांनी मोजावे लागतील. कापडी बिल्ला त्यापुढचे सांगतो. त्या विस्तीर्ण रणक्षेत्रात तो कोणत्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कोणत्या वाटेने आणि कोणत्या डोंगरावर होता, हे त्यावरून समजते. ज्या घरांत आजोबांची पत्रे उरलेली नाहीत आणि सांगणारी माणसेही गेली, तेथे हा तुकडा हाच कित्येकदा शेवटचा कागद असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे. त्याची पुढची बाजू एक गोष्ट सांगते, मागची दुसरी; दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

चिन्ह आले कोठून

डिव्हिजन म्हणजे साधारणपणे तीन ब्रिगेडी. ब्रिगेडीत तीन पलटणी. शिवाय तोफखाना, सफरमैना, दवाखाने, रसदगाड्या. एवढ्या पसाऱ्यात आपली गाडी कोणती, आपला माणूस कोणता, हे दुरून ओळखू यावे, पण शत्रूला नाव वाचता येऊ नये, यासाठी चित्रांची भाषा निघाली. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्याने ओळख पटवणारी चिन्हे गणवेशावरून काढूनच टाकली होती. ती मुख्यतः मोटारींवर रंगवली जात. १९४१ पासून ती बाहीवर लावण्यास रीतसर परवानगी मिळाली, आणि युद्धाची उरलेली वर्षे बाहीवरचा बिल्ला हा सैनिकाच्या अभिमानाचा विषय झाला.

यातून पहिला धडा असा की बिल्ला पलटणीचा नसून डिव्हिजनचा असतो. हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा, शीख, गुरखा, पंजाबी मुसलमान आणि गोरे शिपाई एकाच चिन्हाखाली लढत. तेव्हा बिल्ल्यावरून रेजिमेंट ठरवू नये. रेजिमेंट ठरते ती टोपीच्या धातूच्या बिल्ल्यावरून, बटणांवरून आणि खांद्यावरच्या अक्षरांवरून. मात्र रेजिमेंट व पलटण ठाऊक असेल, तर डिव्हिजनचा बिल्ला तिच्याशी जोडताच स्थळ आणि काळ दोन्ही पुष्कळ नेमके होतात.

काही चिन्हे आणि त्यांची वाट

आपल्या घरांत सापडण्याचा अधिक संभव असलेली काही चिन्हे पाहू.

गडद जमिनीवर उडता तांबडा गरुड : चौथी हिंदी डिव्हिजन. उत्तर आफ्रिका, एरिट्रिया, ट्युनिशिया आणि पुढे १९४४ मध्ये इटलीतील कॅसिनो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण याच डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडीबरोबर जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या वेढ्यात सापडली.

काळ्या जमिनीवर तांबडा गोळा : पाचवी डिव्हिजन. तिचे नावच ‘बॉल ऑफ फायर’. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर मराठ्यांची तिसरी पलटण या डिव्हिजनमध्ये लढली. पुढे ही डिव्हिजन आराकान, इम्फाळ, मंडालेकडील वाट आणि शेवटी जावा येथे पोहोचली.

तांबड्या जमिनीवर तीन पिवळी क्लोव्हरची फुले : आठवी डिव्हिजन, इटली. मराठ्यांची पहिली पलटण हिच्यात होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच डिव्हिजनमध्ये.

पिवळ्या वर्तुळात तांबडा झुंजणारा कोंबडा : तेविसावी डिव्हिजन. ही ग्वाल्हेरच्या शेजारी, झाशी येथे १ जानेवारी १९४२ रोजी उभी राहिली. तिच्या ४९ व्या ब्रिगेडीत मराठ्यांची चौथी आणि सहावी अशा दोन पलटणी होत्या.

काळे मांजर : सतरावी डिव्हिजन, ब्रह्मदेश आणि इम्फाळ.

तांबड्या जमिनीवर खंजीर रोवणारा पिवळा हात : एकोणिसावी डिव्हिजन. ऑक्टोबर १९४१ मध्ये सिकंदराबादेत उभारलेली आणि मार्च १९४५ मध्ये मंडाले घेणारी.

हिरव्या जमिनीवर काळा इस्पिकचा एक्का : पंचविसावी डिव्हिजन, आराकान. जानेवारी १९४५ मध्ये कांगॉच्या लढाईत हिच्या ५१ व्या ब्रिगेडीतील तिन्ही हिंदी पलटणींचे मुख्य अधिकारी हिंदी होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडील शंकरराव पांडुरंग पाटील थोरात या तिघांनाही डी. एस. ओ. मिळाला. थोरात पंजाब रेजिमेंटची पलटण चालवीत होते. मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

संस्थानी फौजांतील मंडळींविषयी एक गोष्ट. ग्वाल्हेर, हैदराबाद, जोधपूर इत्यादी संस्थानांच्या पलटणी परदेशी गेल्या म्हणजे त्या हिंदी सैन्याच्या डिव्हिजनला किंवा कोअरला जोडल्या जात. ग्वाल्हेर लान्सर्स आराकानच्या मोहिमेत पंधराव्या कोअरबरोबर होते. तेव्हा संस्थानी घराण्याच्या पेटीत शिंदेशाही चिन्हाशेजारी हिंदी सैन्याचा बिल्ला निघाला, तर त्यात विसंगती काहीच नाही. उलट कधी कधी बिल्ला नसणे हेही बोलके असते. हैदराबाद संस्थानची पहिली इन्फन्ट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा भारूच्या विमानतळावर होती. तेथे जपानी सैन्य उतरले आणि अडीच महिन्यांत सिंगापूर पडले. त्या कैद्यांच्या घरी रंगीत बिल्ला कोठून येणार?

चिन्हावरून काळ : एक मर्यादा

काही चिन्हांचे आयुष्य इतके थोडे आहे की ते ओळखले की काळही जवळजवळ ठरतो. स्लिम यांच्या चौदाव्या सेनेच्या ढालीवरील तलवारीचे टोक खाली आहे. ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरत जिंकायचा होता म्हणून, असे सांगतात. ती सेना १९४३ च्या अखेरीस उभी राहिली आणि १९४५ संपता संपता मोडली. तिचा खरा युद्धकालीन बिल्ला या दोन वर्षांच्या आधीचा असू शकत नाही. ज्वाळांतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचे माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचे चिन्हही १९४३ अखेरच्या आधीचे नाही.

काही डिव्हिजनांनी चिन्ह मध्येच बदलले. सतराव्या डिव्हिजनचे पहिले चिन्ह निळ्यावर पांढरी वीज असे होते. १९४२ च्या ब्रह्मदेशातील माघारीनंतर त्याची जागा काळ्या मांजराने घेतली. घरात वीज असेल तर माघारीच्या सुमाराची गोष्ट. मांजर असेल तर इम्फाळच्या बाजूची.

पण बहुतेक चिन्हांच्या बाबतीत उलट अडचण आहे. ती मेली नाहीत. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने जुन्या क्रमांकांच्या डिव्हिजना टिकवल्या किंवा पुन्हा उभारल्या, तेव्हा जुनी चिन्हेही घेतली. तांबडा गरुड, तांबडा गोळा, काळे मांजर, खंजीर, इस्पिकचा एक्का ही सर्व आजही चालू आहेत. सातव्या डिव्हिजनचा सोनेरी बाण तर भारत आणि पाकिस्तान दोन्ही सैन्यांत आहे. त्यामुळे इस्पिकचा एक्का हा १९४५ मधील आजोबांचाही असेल आणि १९७१ मधील काकांचाही. चित्र सारखेच, काळ निराळा. येथे पुढची बाजू मूक होते आणि बिल्ला उलटा करावा लागतो.

कापड, धागा आणि मागची बाजू

युद्धकाळात एकच चिन्ह चार ठिकाणी चार तऱ्हांनी तयार होत असे. विलायतेत काटकसरीमुळे सुती कापडावर छापलेले बिल्ले निघाले; काही मागावर विणलेले असत, काही बनातीवर किंवा फेल्टवर भरतकाम केलेले. कैरो आणि इटलीतील शिंप्यांनी आपापल्या पद्धतीने नकला केल्या. हिंदुस्थानात छावणीच्या बाजारातील शिंपी आणि पलटणीचा दर्जी यांच्या हाती जे आले त्यावर काम झाले. मांजरपाट, खाकी ड्रिल, बनातीचे तुकडे यांवर साखळी टाका, कापून चिकटवलेली चित्रे, अधिकाऱ्यांसाठी हौसेने कलाबतू. म्हणून हिंदी बनावटीच्या दोन बिल्ल्यांतील कोंबडे एकसारखे नसतात. एकाचा तुरा मोठा, दुसऱ्याचे पाय आखूड. असा बेढबपणा हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. दहा बिल्ले अगदी एका साच्यातून काढल्यासारखे समोर आले तर मात्र शंका घ्यावी.

मागच्या बाजूला भिंग घेऊन चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, टाक्यांची छिद्रे. कडेने सुईची बारीक भोके, तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे, आत दडलेली खाकी रंगाची धूळ ही गणवेशावर लावल्याची खूण. कोपऱ्यांत टिचबटणे किंवा हूक असतील तर तेही उष्ण प्रदेशाला धरूनच आहे. खाकी ड्रिलचे कपडे वरचेवर धोब्याकडे जात. रंग उतरू नये म्हणून बिल्ला काढता-घालता येईल असा करीत.

दुसरी, रंगाचा फरक. ऊन पुढच्या बाजूला लागते. अस्सल वापरलेल्या बिल्ल्याचा रंग पुढून उडालेला आणि मागे किंवा शिलाईच्या पट्टीखाली ताजा असतो. दोन्ही बाजू सारख्याच तपकिरी दिसल्या आणि चहाचा वास आला, तर तो जुना नव्हे, जुना केलेला.

तिसरी, धागा. युद्धकाळातील दोरा सुती, रेशमी, लोकरी किंवा रेयॉनचा असे. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा असला तरी बाजारात तो धागा आला १९५० च्या दशकात. बिल्ल्यातून आपण होऊन सुटलेला दोऱ्याचा एक तंतू चिमट्यात धरून जाळून पाहता येतो. सूत कागदासारखे जळून राख होते, लोकर केसासारखी वास सोडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. मूळ शिलाईत असा मणी निघाला तर युद्धाचा दावा तेथेच संपला. मात्र नंतर कोणी दुरुस्तीसाठी घातलेला टाका आणि मूळ टाका यांत घोटाळा करू नये. बिल्ल्यातून दोरा उसवून तर मुळीच काढू नये.

चौथी, प्रकाश. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा हल्ली कोठेही मिळतो. युद्धानंतर धाग्यांना व कपड्याच्या साबणांना शुभ्रता आणणारी जी रसायने सर्रास वापरली जाऊ लागली ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. जुने सूत सहसा मंद राहते. पण बिल्ला गेल्या पन्नास-साठ वर्षांत एकदा जरी पावडरीने धुतला असेल तरी तोही चमकेल. म्हणून न चमकणे ही अनुकूल साक्ष मानावी. चमकणे हा एकट्याने निकाल नव्हे.

डबीतील शेजारच्या वस्तूंचीही साक्ष घ्यावी. बटणावर किंवा टोपीच्या बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर तो प्रजासत्ताकाच्या आधीचा. अशोकाचे सिंह असतील तर २६ जानेवारी १९५० नंतरचा. मराठा रेजिमेंटच्या इंग्रजी नावात ‘आर’च्या आधी ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ असतील तर ते जुने सरकारी स्पेलिंग. आजचे रूप स्वातंत्र्यानंतरचे. पदकाची फीतही पाहावी. तांबडा, पांढरा, हिरवा हे इटलीच्या ताऱ्याचे रंग. गडद निळा, मध्ये तांबडा आणि बाजूंना नारिंगी रेघा हे ब्रह्मदेशच्या ताऱ्याचे. फुलांच्या बिल्ल्याबरोबर इटलीची फीत शोभते. खंजिराच्या बिल्ल्याबरोबर ती निघाली, तर एका पेटीत दोन माणसांच्या वस्तू एकत्र आल्या असाव्यात किंवा माणूस एका डिव्हिजनमधून दुसरीत गेला असावा.

पलटणीही जात. केरेनला पाचव्या डिव्हिजनमध्ये असलेली मराठ्यांची तिसरी पलटण १९४४ मध्ये इटलीत दहाव्या डिव्हिजनमध्ये होती; नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो या पलटणीतील. म्हणजे एकाच पलटणीतील दोन शिपायांच्या घरी दोन निराळी चिन्हे निघू शकतात, आणि दोन्ही खरी असतात.

वाचून काय हाती येते

समजा, एका घरात कोंबड्याचा बिल्ला आहे. सुती कापड, हाताचा टाका, मागे छिद्रे, धागा सुती, दिव्याखाली मंद. बरोबर ब्रह्मदेशचा तारा आणि मराठ्यांचे जुन्या स्पेलिंगचे बटण. घरात एवढेच ठाऊक की आजोबा ‘जपान्यांच्या लढाईत’ होते आणि लढाई संपल्यावरही वर्षभर घरी आले नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

आता हा तुकडा सांगतो. ते ४९ व्या ब्रिगेडीतील मराठ्यांच्या चौथ्या पलटणीत असतील, तर मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरातील सांगशाक गावी छत्रीधारी ब्रिगेडीबरोबर पाणी तुटलेल्या खंदकांत जपान्यांना थोपवून धरणाऱ्यांत त्यांची पलटण होती. त्या दिवसांच्या विलंबाने कोहिमा आणि इम्फाळ यांच्या बचावाला वेळ मिळाला. ही गोष्ट सांगायला कोणालाही अभिमान वाटला असता. मग मौन कशाचे?

तेही याच कोंबड्यापाशी आहे. जपान शरण आल्यावर तेविसावी डिव्हिजन जावात उतरली. काम ठरले होते जपान्यांची शस्त्रे काढून घेण्याचे आणि कैद्यांची सुटका करण्याचे. पण इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजीच आपले स्वातंत्र्य घोषित केले होते, आणि डच सत्ता परत येते आहे हे तेथील तरुणांना दिसत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस सुराबाया शहरात ४९ वी ब्रिगेड चहूकडून घेरली गेली. ३० ऑक्टोबरला तिचे ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. नोव्हेंबरात पाचव्या डिव्हिजनने रस्त्यारस्त्यांतून लढून शहर घेतले. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशिया आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतो. हिंदी फौजा तेथे वापरण्याला नेहरूंनी आणि काँग्रेसने त्या वेळी जाहीर विरोध केला होता. सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई एका परक्या साम्राज्याच्या हुकुमाने दुसऱ्या एका स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांसमोर उभा होता. आणि त्याच्या स्वतःच्या देशाचे स्वातंत्र्य दोन वर्षांवर आले होते. घरी येऊन त्याने काय सांगायचे होते?

हे वाचल्याने आजोबांचा मोठेपणा कमी होत नाही. ते ज्या पेचातून गेले तो निदान नातवंडांना कळतो. घरातली दंतकथा कधी बिल्ल्यापुढे टिकते, कधी टिकत नाही. पण दंतकथेच्या जागी येते ते सहसा तिच्याहून थोर निघते.

तेव्हा एवढे करावे

बिल्ला धुऊ नये, इस्त्री करू नये, गोंदाने वहीत चिकटवू नये. धुण्याने रंगाचा फरक, खाकी धूळ आणि दिव्याची साक्ष ही तिन्ही एकदम जातात. गणवेशावर शिवलेला असेल तर उसवू नये; जागच्या जागी असलेला बिल्ला सुट्या बिल्ल्याच्या कितीतरी पट बोलका असतो. लोकरीच्या व बनातीच्या बिल्ल्यांना कसर लागते. ते वर्षातून दोनदा उघडून पाहावेत. डांबराची गोळी पेटीत वेगळ्या पुरचुंडीत ठेवावी, कापडाला टेकवू नये. बिल्ला नीळ-खळ न लावलेल्या स्वच्छ धुवट सुती फडक्यात गुंडाळावा. पुढून आणि मागून असे दोन फोटो काढावेत.

आणि एका कागदावर लिहून ठेवावे : वस्तू कोणाची, कोणी दिली, कोणत्या पेटीत कशाबरोबर सापडली. नाव, हुद्दा, पलटण आणि विशेषतः सैनिक क्रमांक सापडला तर तो पहिल्या ओळीत लिहावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि चौकशीला क्रमांकाचा आधार लागतो. जुन्या बाजारातून आणलेला तुकडा आणि घरातून आलेला तुकडा एका डबीत मिसळू नये. घरातील ऐंशी-नव्वदीची माणसे अजून आहेत तोवर त्यांना तो दाखवावा. नाव आठवले नाही तरी ‘कोंबडेवाले’, ‘मांजरवाले’ हा शब्द कोणाच्या तरी तोंडून निघतो, आणि त्या एका शब्दाला पुढचे सगळे धागे बांधता येतात.